काबाईचा अर्ज

मी खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात ती खुर्ची मी नव्हे, बरं का. माझ्यात बसायला लोक बाकावर गुपचूप रांग लावतात आणि वीस मिनिटांत आपणहून उठून जातात. मी सलूनमधली खुर्ची आहे.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. पाय लोखंडाचे, गादी चामड्याची आणि पोटात तेलाचा पंप. बाजूचा दांडा दाबला की बसलेला माणूस हळूहळू वर जातो. भारदस्त माणसंही वर जाताना लहान मुलासारखं हसू दाबतात, हे मी फार पाहिलंय. पहिल्या दुकानात मी नऊ वर्षं काढली. ते बंद पडलं तेव्हा आताच्या मालकांनी मला हातगाडीवर घालून इथे आणलं. तेव्हा ते ऐन पंचविशीत होते आणि त्यांचा हात असा हलका, की वस्तरा फिरून गेला तरी गालाला पत्ता लागू नये.

मालकांना एकच मुलगी. बोलायला लागल्यापासून तिच्या तोंडी एक शब्द ठरलेला, ‘का?’ केस का वाढतात? कापताना दुखत का नाही? आजोबांच्या कानात केस का येतात? गिऱ्हाइकांनीच तिचं नाव काबाई पाडलं. तिची आई बस डेपोत तिकीट खिडकीवर बसायची, म्हणून शाळा सुटली की काबाई दुकानात. तिचे पाय माझ्या पायपाटीला टेकायला लागले, ते वर्ष मला आठवतंय.

सोळाव्या वर्षी तिने सांगितलं, “बाबा, मला डॉक्टर व्हायचंय.”

मालक फणी धूत होते. म्हणाले, “हो की.” आणि फणी धूतच राहिले. तीच फणी त्यांनी चार वेळा धुतली.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं. घरी एकच खोली, शेजारी सुताराची ठोकाठोक. म्हणून त्या दोन तासांची मी काबाईची अभ्यासाची खुर्ची झाले. आरशावरचे दोन्ही दिवे मालक तिच्यासाठी चालू ठेवायचे. आरशाच्या कडेने तिने आकृत्या चिकटवल्या. मग संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाइकाला आपल्या तोंडाशेजारी एक फुप्फुस आणि अर्धं मूत्रपिंड दिसायचं. तक्रार कुणीच केली नाही. एकाने मात्र विडी सोडली.

एक दुपार सांगते. काबाई कवटीचा धडा वाचत होती. मालक मागे उभे राहून ऐकत होते. मधेच त्यांनी तिच्या डोक्यामागे बोट ठेवलं. “इथे एक उंचवटा असतो बघ. सगळ्यांना असतो, कुणाला कमी, कुणाला जास्त. तिथे मशीन जरा उचलावं लागतं. त्याला काही नाव आहे का गं?”

काबाईने पान उलटलं आणि एक लांबलचक नाव वाचलं. मालकांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं. हजारो डोक्यांवरून त्यांचा हात गेला होता. प्रत्येक डोक्याचा चढउतार त्यांच्या बोटांना पाठ होता, आणि त्याला नाव आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. मीसुद्धा तेवढीच डोकी माझ्या उशीवर पेलली होती. आपण इतकी वर्षं काय सांभाळत होतो, या विचाराने मी थक्क झाले.

काबाईने निवडलेल्या वैद्यकीय कॉलेजाची रीत वेगळी होती, तिथे शिरणं म्हणजे तीन उंबरठे. आधी लेखी परीक्षा, मग अर्ज आणि त्यासोबत दोन पानी मजकूर, शेवटी मुलाखत. पहिल्या वर्षी काबाई लेखी परीक्षेत उत्तम पास झाली. मजकुरात तिने लिहिलं, की मला दीनदुबळ्यांची सेवा करायची आहे आणि लहानपणापासून हेच माझं स्वप्न आहे. मुलाखतीचं बोलावणंच आलं नाही.

तिचा मजकूर मास्तरांनी वाचला. हे मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आमचे जुने गिऱ्हाईक. डोक्यावर मोजून वीस केस, पण दर आठवड्याला हजर. ते म्हणाले, “काबाई, शुद्धलेखनाची एक चूक नाही. पण हा मजकूर तूच लिहिलास हे कुणाला कळणार? यात एकही ‘का’ नाही.”

ती रडली नाही. माझ्यात बसून तिने नुसता दांडा दाबला, वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मालकांनी विचारलं, “पुढच्या वर्षी पुन्हा?”

“पुन्हा.”

“मग उतर. खुर्ची मोडशील.”

दुसऱ्या वर्षी सगळं दुकान कामाला लागलं. मालकांनी फर्मान काढलं, की जो माझ्यात बसेल त्याने काबाईला मुलाखतीतला एक प्रश्न विचारायचा. गळ्याभोवती कापड आणि गालाला साबण अशा थाटात लोक परीक्षक व्हायचे. डेपोतल्या मेकॅनिकने एकदा विचारलं, “समज, माझा पाय कापावा लागणार आहे आणि मी नाही म्हणतोय. काय करशील?”

काबाईने पाच मिनिटं भाषण दिलं. पाय न कापल्यास काय काय होतं, सगळं सांगितलं.

मेकॅनिक म्हणाला, “बरोबर असेल बाई. पण मी नाही का म्हणतोय, ते तू विचारलंच नाहीस.”

दुकानात हशा पिकला. काबाई मात्र हसली नाही. तिने वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

आता एक गोष्ट सांगते, जी मला वाटायचं फक्त मला ठाऊक आहे. त्या वर्षी मालकांचा उजवा हात थरथरायला लागला होता. काम नसताना नाही, नेमकं काही उचलताना. वस्तरा घेण्याआधी ते क्षणभर माझी पाठ घट्ट धरायचे, कोपर माझ्या उशीला टेकवायचे आणि मग कामाला लागायचे. ती थरथर माझ्या लोखंडातून थेट खालपर्यंत जायची. मी मुकी. सांगणार कुणाला?

त्या वर्षीच्या अर्जात विषय दिला होता: ‘तुम्ही एखाद्या माणसाकडे बारकाईने पाहिलंत आणि त्यातून तुम्हाला काही कळलं, असा अनुभव लिहा.’ काबाईने आठ दिवस काही लिहिलं नाही. मग एका दुपारी एका बैठकीत दोन पानं लिहिली आणि मास्तरांना दिली. मास्तरांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

“हे पाठव,” ते म्हणाले. “पण आधी ज्याचं आहे त्याला दाखव.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कागद बाबांसमोर धरला. मालकांनी तो उभ्याने, एक हात माझ्या पाठीवर ठेवून वाचला. त्यात लिहिलं होतं, की माझे बाबा हल्ली चहा अर्धा कपच मागतात. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावतात. सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नाही म्हणतात आणि आईकडे कागद सरकवतात. मोकळ्या हाताला काही होत नाही, उचललेला हात हलतो. सगळं, सगळं तिने पाहिलं होतं! मी रोज तो हात अंगावर झेलत होते, पण चहाच्या कपाचं मलाही सुचलं नव्हतं.

मालकांचा चेहरा लाल झाला. “दुकान बंद पाडायचंय का तुला? हात थरथरतो म्हटल्यावर कोण माझ्यासमोर गळा पुढे करील?”

“बाबा, तिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही.”

“मी ओळखतो ना मला!”

काबाईने कागद घेतला, मधून फाडला, पुन्हा फाडला. “नाही पाठवत. दुसरं लिहीन,” ती म्हणाली. “पण एकदा दाखवून या. मला भीती वाटते.”

अर्जाला तीन दिवस उरले होते. त्या संध्याकाळी बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. काबाईची आई डेपोतून आली, दोघांची तोंडं पाहिली आणि मालकांना एवढंच म्हणाली, “अहो, तिला कळलं म्हणून रागावलात, की तिने कळू दिलं म्हणून?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान भरलेलं होतं. माझ्यात मेकॅनिक बसला होता, बाकावर मास्तर आणि आणखी दोघे. मालकांनी साबण लावला, वस्तरा उघडला, माझी पाठ धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. मग वस्तरा मिटला आणि आरशाखालच्या फळीवर ठेवून दिला.

“आजपासून वस्तरा बंद,” ते म्हणाले. “माझा हात थरथरतो. केस कापून देईन, दाढी मशीनने. ज्याला नको असेल त्याने दुसरीकडे जावं, मला राग नाही.”

कुणी हललं नाही. साबणाचा फेस मेकॅनिकच्या हनुवटीवरून कापडावर टपकला. शेवटी तोच म्हणाला, “मालक, सहा महिने झाले. आम्हाला ठाऊक आहे.”

“काय?”

“अहो, म्हणून तर मी श्वास धरून बसतो.”

मास्तर म्हणाले, “मला वाटायचं, माझ्या वयाच्या मानाने तू जपून चालवतोस.”

आधी मालक हसले, मग बाकावरचे हसले, आणि मग मालकांनी टॉवेल तोंडावर दाबला तो बराच वेळ काढला नाही. मी सुन्न झाले. जगातलं एकमेव गुपित आपल्यापाशी आहे म्हणून मी तोऱ्यात होते आणि हे सगळे, सगळं जाणून, आठवड्यामागून आठवडे गळा पुढे करत होते! माणूस माणसावर किती विश्वास टाकतो, याचा ठाव मला त्या दिवशीही लागला नाही, आजही लागत नाही.

दुपारी मालकांनी काबाईला माझ्यात बसवलं, स्वतः स्टूल ओढून शेजारी बसले. “लिही. कालचंच लिही.”

“फाडलं ना.”

“मग नव्याने लिही. चहाच्या कपाचं तसंच ठेव. आणि माझं चिडणंही लिही.”

चार वाजेपर्यंत तिची लेखणी चालू होती. मधेमधे मालक “इथे जरा वाढवलंस हं” म्हणायचे आणि ती खोडायची. अर्ज गेला. त्याच आठवड्यात मालक दवाखान्यात जाऊन आले. थरथर आनुवंशिक निघाली, जिवाला धोका नाही. गोळ्यांनी थोडी आवरली, पूर्ण गेली नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं. काबाई गेली आणि परत आली ती थेट दुकानात. बाकावरच्यांनी तिला आधी बसू दिलं. ती सांगू लागली, “समोर तिघं होते. त्यातल्या एक म्हाताऱ्या बाई सारखं माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे तू वडिलांसाठी लिहिलंस की आमच्यासाठी?”

मालकांची कात्री थांबली. “मग?”

“मी म्हटलं, पहिलं तुमच्यासाठी लिहिलं होतं, ते फाडलं. दुसरं लिहिताना बाबा शेजारी बसले होते.”

“मग त्या काय म्हणाल्या?”

“काहीच नाही. पाणी प्यायल्या.”

सात आठवड्यांनी निकाल लागला. मालक एकाचे केस कापत होते, अर्धं डोकं झालं होतं. काबाई दारात येऊन उभी राहिली आणि तिला बोलताच येईना. जन्मभर प्रश्न विचारणारी ती पोर नुसती मान हलवत होती. मालकांनी पाहिलं, ओळखलं, आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, “मान सरळ ठेवा.” राहिलेलं अर्धं डोकं त्यांनी पूर्ण केलं, मानेवरचे केस झटकले, कापड काढलं. मगच ते मुलीकडे गेले. ते गिऱ्हाईक पुढे कितीदा तरी सांगत होतं, की आयुष्यात इतके छान केस कधी कापले गेले नाहीत.

काबाई दूरच्या शहरात शिकायला गेली. पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी तिचा फोन आला. कात्रीला तेल देताना हात माखले होते म्हणून मालकांनी फोन फळीवर ठेवून मोठ्याने लावला. सगळं दुकान ऐकत होतं.

“बाबा, आज आम्हाला पहिल्यांदा देहाजवळ नेलं. एका आजोबांनी मरणानंतर आपला देह शिकण्यासाठी दिलाय. आमच्यातल्या दोघी बाहेर निघून गेल्या. मलाही भीती वाटत होती.”

“मग?”

“मग मी त्यांचा चेहरा पाहिला. बाबा, त्यांची दाढी केलेली होती. नुसती उरकलेली नव्हे. हनुवटीच्या खळीत, कानाखाली, नाकाजवळच्या तिळाभोवती, कुठेही ओरखडा नाही, कुठे एक खुंट नाही. ते गेल्यावर कुणीतरी बसून इतक्या जपून केली असेल. आता त्यांना कोण बघणार होतं? तरी केली. मग माझी भीती गेली. मी त्यांना नमस्कार केला, आणि ज्याने दाढी केली त्यालाही.”

मी तेव्हा रिकामी होते. मालक पुढे आले आणि माझ्यात बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यात एकदाही बसले नव्हते, मालकाने कसं बसायचं म्हणून. त्यांचं वजन इतकं कमी असेल असं मला वाटलं नव्हतं.

“बोल,” ते फोनला म्हणाले. “अजून सांग.”

आता माझं चामडं दोन ठिकाणी फाटलंय आणि पंप वर नेतो, पण खाली आणताना दमतो. माझी एकच विनंती आहे. कुठेही अशा खुर्चीत बसलात, आणि कुणी तुमच्या मानेवर हात ठेवून “जरा खाली” म्हणालं, तर घाई करू नका. तेवढा वेळ निवांत मान द्या.