अर्थिंगचा खड्डा

आमचा पहिला फ्रीज जळाला तेव्हा त्यात माझ्या अक्षदाच्या इन्शुलीनच्या चार बाटल्या होत्या. नऊ वर्षांची पोर, सकाळ-संध्याकाळ सुई घेते. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात लोडशेडिंग संपलं आणि वीज अशी जोरात आली की दोन बल्ब फुटले. फ्रीज घुरघुरला आणि गप्प झाला. तो बंद पडलाय हे आम्हाला दोन दिवस कळलंच नाही. उकाड्यात औषध मेलं होतं, पण बाटली दिसायला तशीच, म्हणून मी मूर्ख कळल्यावरही तेच पोरीला टोचत राहिले. चौथ्या दिवशी ती बेशुद्ध पडली. वाचली, पण तेव्हापासून वीज आली तरी मी फ्रीजकडे धावायचे आणि गेली तरी धावायचे.

दुसरा फ्रीज घरात आला तशी मी शहापूरला गेले. माझं माहेर आटगावचं, म्हणून शहापूरच्या बाजारातले धोंडीशेठ ओळखीचे. त्यांनी काउंटरवर दोन डबे मांडले. एक स्टॅबिलायझर, तो व्होल्टेज वरखाली झालं तर सांभाळतो आणि वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच फ्रीज चालू करतो. दुसरा स्पाइक गार्ड, तो अचानक बसणारा तडाखा झेलतो.

"दोन्ही द्या," मी म्हटलं.

"अर्थिंग हाय ना घरात?"

"हाय की. बोर्डाला तीन भोकं हायत."

"तिसऱ्या भोकामागं वायर हाय का, रेश्माताई?"

वायर तर नव्हतीच, उलट आमच्या नवऱ्याने, आदेशने, फ्रीजच्या पिनचा तिसरा दात पक्कडीने उडवला होता. आमच्याकडे सगळेच उडवतात, त्यात काय एवढं!

"मंग हा गार्ड नुसता लाल दिवा दाखवील," धोंडीशेठ म्हणाले. "जादाचा करंट जमिनीत जायाला वाट पायजे. खड्डा करा, मीठ-कोळसा घाला. आन् रोज बादलीभर पाणी."

आदेशने पिन बदलली, बोर्डापासून वायर ओढली आणि अंगणात तुळशीलगत, ओलीची जागा म्हणून, खड्डा खणून त्यात लोखंडी पाइप पुरला. पाणी घालायचं काम अक्षदाने हट्टाने मागून घेतलं. रोज दिवेलागणीला तुळशीला तांब्या आणि खड्ड्याला बादली. माझ्या सासूबाईंचा, सकुबाईंचा, एकच कायदा होता: तुळशीजवळ पायात चपला नकोत. पोर चपला पायरीवर काढून ओल्या मातीत अनवाणी उभी राहायची. मला तेव्हा ते छान वाटायचं. वाटायचं, आता माझी पोर सुखरूप आहे.

मग एके दुपारी वावटळ आली आणि शेजारी राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिराच्या, चंदरच्या, घराकडे जाणाऱ्या विजेच्या दोन तारांपैकी एक तुटली. वायरमन चार दिवस फिरकला नाही.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला मी अक्षदाची बाटली काढायला फ्रीजच्या दाराला हात लावला आणि सणकन मुंग्या कोपरापर्यंत चढल्या. स्टॅबिलायझर बंद केला. बोटाच्या मागच्या बाजूने पुन्हा शिवून पाहिलं, तशाच मुंग्या. मेन स्विच खाली ओढला. घर अंधारलं. पुन्हा शिवले, तर करंट होताच.

अख्ख्या घराची वीज बंद, मग हा येतोय कुठून? धोंडीशेठचं बोलणं आठवलं, जमिनीत जायाला वाट पायजे. जायची वाट म्हणजे यायचीही वाट. वायर फ्रीजपासून खड्ड्यापर्यंत, आणि खड्ड्यावर...

बाहेर बादलीची कडी वाजली.

मी दारात आले. अक्षदाच्या चपला पायरीवर होत्या आणि ती भरलेली बादली दोन्ही हातांनी पेलत, वाकडी होत खड्ड्याकडे चालली होती. पाइपला एक काळी वायर गुंडाळलेली दिसली. ती मातीवरून सरपटत चंदरच्या खिडकीत गेली होती. ओरडावं तर पोर दचकेल आणि पाणी पायाशी सांडेल. न ओरडावं तर अजून तीन पावलं.

"अक्षू," मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "थांब तिथंच. बादली नको ठेवूस. माझ्याकडं ये, उलट्या पावली."

"अगो आई, पाणी घालूदे ना."

"मागं ये!"

ती एक पाऊल पुढे सरकली, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक, मुकाट्याने मागे आली. मी तिला पायरीवर ओढून घेतलं, स्वतः चपला घातल्या आणि कपडे धुवायच्या लाकडी धोपटण्याने ती वायर पाइपवरून उडवली. ओल्या मातीवर चरचरून निळी ठिणगी उडाली. पोर किंचाळली.

तेवढ्यात चंदर बाहेर आला, हातात पळी. "वयनी, लायटीची शेगडी कोनी घालवली माजी? भात अर्धा कच्चा हाय!"

"ही वायर तू लावलीस?"

"मंग काय करू? करंट परत जायाची तार तुटली, ती जमिनीतून घेतली. माजा खड्डा कोरडा, शेगडी तापत नाय, म्हनून आज तुमच्या पाइपाला लावली. तुमच्यात पोरगी रोज पानी घालते, मस्त तापते."

त्याला खरंच काही कळलं नव्हतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो आधी चिडला, मग त्याची नजर अक्षदाच्या ओल्या पायांवर गेली, आणि पळी तिथेच टाकून तो प्लग काढायला आत धावला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोरीला जगवायला मी जो खड्डा खणून घेतला, त्यातच तिला रोज अनवाणी उभी करत होते.

दुसऱ्या संध्याकाळी मीच बादली उचलली. अक्षदा सवयीने पायरीवर चपला काढायला वाकली, तेव्हा सकुबाई आतून आल्या. त्यांनी नातीचा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे गो पायात," त्या म्हणाल्या. "तुळस नाय रागवायची."

मग स्वतःही आदेशच्या मोठ्या रबरी चपला पायात घालून, फरफटत, तांब्या घेऊन तुळशीकडे गेल्या.