अंगठा बराबर होता

"अंगठा पुसट आलाय, ताई. बिल परत जाईल," पुंजाराम म्हणाला आणि मान खाली घालून लाल शाईनं हरकत लिहू लागला.

खिडकीपलीकडे बेबीनंदा उभी होती. तिचा नवरा देवानंद सरकारी विश्रामगृहावर चौकीदार होता. गेल्या दिवाळीत वारला. हे त्याच्या ग्रॅच्युइटीचं बिल. पोरीचा जालन्यात नर्सिंगला नंबर लागला होता आणि फी भरायची शेवटची तारीख होती पंधरा जुलै.

"माझीच चुकी, भाऊसाहेब," ती ओशाळून म्हणाली. "भाकरी थापू थापू बोटाला रेघाच न्हाई राह्यल्या. पुन्ना देऊ का?"

"आता कागद तुमच्या हापिसातून फिरून यावा लागंल."

अंगठा चांगला ठसठशीत होता. तालुक्याच्या त्या उपकोषागारात पुंजारामनं तीस वर्षं काढली, पण बरोबर असलेलं बिल कधी अडवलं नव्हतं. यंदा सरकारची कर्ज काढायची मर्यादाच संपत आली. वरून तोंडी हुकूम आला : पगार सोडून काही पास करायचं नाही, पैसे नाहीत असंही लिहायचं नाही, हरकती काढा. मेल्यांनी कागदावर एक ओळ दिली असती तर शपथ!

"मुंबईत मंत्री दोन दिस नुस्ते भांडून राह्यले," शेजारचा कारकून अप्पाराव पेपर चाळत बोलला. "कुणी म्हणतं भरती बंद करा, कुणी म्हणतं कापसाची सरकारी खरेदी बंद करा. आपण आपले लोकायचे अंगठे पुसट करायचे."

पुंजारामला हसू आलं नाही. त्या दिवशी त्यानं एकवीस बिलं परत केली.

पंधरा तारखेला कचेरी उघडायच्या आतच बेबीनंदा दारात हजर. चेहरा खुललेला. तिनं हापिसातून फिरवून आणलेली बिलाची पावती पुढं सरकवली. अंगठ्याच्या जागी वाकडीतिकडी अक्षरं होती : बेबीनंदा.

"पोरीनं शिकिवलं. आठ दिस चुलीम्होरं बसून गिरवलं बगा. आता पुसट व्हायची बातच न्हाई!"

आधीच्या सगळ्या कागदांवर तिचा अंगठा. ही सही कशाशीच जुळणार नव्हती. आता कुठं हरकत खरी झाली होती. पुंजारामला स्वतःची किळस आली.

"ताई, अंगठा बराबर व्हता," तो म्हणाला. "सरकारकडंच पैसा न्हाई. खोटं बोललो मी."

"मंग तवाच सांगायचं ना, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मंठ्याला ऱ्हाणारा माझा भाऊ देऊन राह्यल्ता पैसे. म्याच म्हणलं, राहू दे, माझे येऊन राह्यले. आता त्याचे पेरणीत गेले. पोरगी स्टँडवर बसलीय कागदं घेऊन. आजचीच तारीख हाय."

अप्पाराव हळू आवाजात म्हणाला, "सही खोडून अंगठा घ्या. बिल रांगेत नंबराला तरी राहील."

पुंजारामनं शाईचा पॅड पुढं केला. तिनं सहीखाली अंगठा दाबला, नीट, सावकाश. मग सही खोडायला त्यानं पेन उचललं, तशी तिनं कागदावर हात आडवा ठेवला.

"अंगठा घ्या. नाव नका खोडू."

त्यानं पेन खाली ठेवलं. शाईचा अंगठा लुगड्याला पुसत ती पोरीला सांगायला स्टँडकडं निघाली.