उकिरड्याशेजारचा निळा ड्रम

थांबा, माझ्यात पाणी ओतू नका. मी पिशोर गावच्या रत्नमालाबाईंच्या अंगणातला पत्र्याचा निळा ड्रम बोलतोय. माझ्या पोटात आता फक्त बियाणं येतं.

आधी मात्र माझ्यात गोडतेल होतं. शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका दुकानामागं मी रिकामा झालो, तेव्हा दुष्काळ चालू होता. शहर तरी वाढतच होतं. नव्या वसाहतींत घरं आधी यायची, नळ मागून. त्यामुळे माझ्यासारख्यांना भलताच भाव आला. एका नव्या इमारतीवर राखणदारी करणाऱ्या खंडेरावानं मला खोलीवर नेलं. टँकर आला की माणसं शेजाऱ्याला ओळखत नसत, पण स्वतःचा ड्रम लांबून ओळखत.

खंडेरावाची बायको रत्नमाला आणि वडील केरबा गावीच होते. त्यांचा हरभरा मर रोगानं जात होता. फुलावर आलेलं झाड एकाएकी मान टाकायचं. खोड उभं चिरलं की आत काळी रेघ दिसायची. ही मातीतल्या बुरशीची करणी आहे आणि पेरणीआधी बियाण्याला औषध चोळावं, असं रत्नमालानं गावातल्या बैठकीत ऐकलं. त्यासाठी तिनं मला मागून घेतलं.

शहरातल्याच छावणी भागातल्या वेल्डरनं माझ्या पोटातून आरपार दांडा घातला, कडेला फिरवायची मूठ लावली आणि विचारलं, "क्या भाई, लस्सी बनाते क्या इसमें?"

खंडेरावानं मला गावी पोचवलं आणि निघताना बजावलं, "अवंदा बी हरभरा गेला तर वावर बटाईनं देऊ. तू अन् दादा शहरात चला."

रत्नमाला म्हणाली, "तुमच्या खोलीत मी दिवसभर काय करू? इथं उठलं की काय करायचं ते मला ठाऊक असतं."

तिनं माझ्यात हरभरा ओतला, वर ट्रायकोडर्माची भुकटी टाकली आणि मूठ फिरवली. केरबा ओट्यावरून बघत होते.

"ही कसली भुकटी?"

"चांगली बुरशी हाय मामा. वाईट बुरशीला खाती."

"म्हंजी घरात चोर शिरला म्हणून दुसरा चोर पाळायचा व्हय!"

मी गरगरत होतो. पोटात बी खळखळत होतं. पाणी साठवताना असं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

पण तरीही हरभरा मेला. सगळा नाही, जागोजागी. शेजारच्या आवडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तेलाचा ड्रम तो! त्यानंच बी नासवलं. शहरातनं आलेलं कधी धड असतं का?"

मला उचलून उकिरड्याशेजारी टाकलं. मला लई वाईट वाटलं. केरबा रोज मेलेली झाडं उपटून आणायचे आणि उकिरड्यात फेकायचे. काडीसुद्धा वाया घालवायची नाही, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. उकिरड्याचं खत व्हायचं आणि उन्हाळ्यात वावरात जायचं. मी सगळं बघत होतो, पण मलाही काही कळलं नाही.

खंडेराव न्यायला आला. "सामान बांध," म्हणाला. रत्नमालाच्या हातात उपटलेली झाडं होती. ती उकिरड्यापर्यंत आली आणि तिथंच थबकली.

"मामा, उन्हाळ्यात खताची गाडी वावरात कुठं कुठं रिती केली?"

"जिथं बैल थांबलं तिथं. मग तूच तर फावड्यानं पसरलं."

"जिथं ढीग होतं, तिथंच झाडं मेली. गोल गोल. बांधाकडं खत पोचलं नाय, तिथं एक बी झाड मेलं नाय."

केरबा चिडले. "दिवाळीत ज्याच्यावर दिवा लावतो, त्या उकिरड्यात रोग राहील व्हय?"

"दिवा लावा की मामा. फक्त त्याला मेलेली झाडं चारू नका. ती नीट कुजत नायत, अन् रोग खतासंगं परत रानात जातो."

केरबा उकिरड्यापाशी आले. मग त्यांनी काडेपेटी काढली आणि तिच्या हातातली झाडं बांधापलीकडं नेऊन जाळली.

"एक साल थांब खंड्या," ते मुलाला म्हणाले. "एकच."

पुढच्या हंगामात जुन्या वावरात शाळू पेरला. हरभरा माळाकडच्या तुकड्यात गेला. तिथं ते खत कधी पडलंच नव्हतं. मर कमी धरणारं बियाणं आणलं. मला घासून धुतलं, आणि या वेळी मूठ केरबांनी फिरवली. "चल रं चोरा, लाग कामाला!" असं म्हणत. बी सावलीत सुकवलं, कारण उन्हात चांगली बुरशीही मरते.

फुलं आली. रत्नमाला रोज पहाटे माळावर जायची आणि एकेक ओळ वाकून बघायची. ती परतली की केरबा तिच्या तोंडाकडं बघायचे. फुलांचे घाटे झाले. इकडं तिकडं एखादं झाड गेलं, तिनं ते लगेच उपटून जाळलं. बाकीचं रान उभं राहिलं.

खंडेराव आला तेव्हा अंगणात हिरवे घाटे भाजत होते. त्यानं पिशवी खाली ठेवली, मूठभर सोलून खाल्ले आणि काजळीनं ओठ काळे केले.

"सामान बांधू का?" रत्नमालानं विचारलं.

"माझंच बांधून आणलंय," तो म्हणाला. "खोली सोडली."

आवडाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अगं, तो ड्रम आम्हालाबी दे की पेरणीला!"

आता हरभरा घरात आलाय. माझा दांडा काढून मला भिंतीच्या सावलीत उभं केलंय. भर दुपार आहे आणि रत्नमाला मला टेकून झोपली आहे. दिवसाढवळ्या तिला झोपलेली मी पहिल्यांदाच बघतोय. कुणाला ड्रम हवा असेल तर खुशाल न्या, पण जरा वेळानं या. तिची झोप होऊ द्या.