अहो आणि तू

स्पर्धेत धावायला बंदी आल्यापासून तो धावपटू मैदानाच्या कडेला बसून माझ्यावर खेकसायचा, "अहो माळीबुवा, पाणी उडतंय!" मीही वैतागून त्याच्या हातात खुरपं टेकवलं. वर्षभर आम्ही शेजारी बसून तण काढलं. मग एका दुपारी अवजारांच्या खोलीत माझी मातकट बोटं धरून तो म्हणाला, "तू नसतास तर मी संपलो असतो." त्या 'तू'वर मी भाळलो.

बंदी उठली, घरच्यांनी त्याचं लग्नही उरकलं. आज त्याच्यासोबत मैदानावर आलेली त्याची नवी बायको हौसेने त्याला म्हणाली, "अहो, केवढं मोठं मैदान!" आणि हा माझ्याकडे न बघता म्हणाला, "अहो माळीबुवा, पाइप तिकडे धरा."

मी पाइप त्याच्या कोऱ्या बुटांवर धरला.

"तू वेडा झालास का?" तो ओरडला.

माझ्या वाट्याला आता एवढाच 'तू' उरला होता.