साडेतीन धर

आमचे अण्णा टॅबला पाटी म्हणायचे. "त्या पाटीला विचारल्याशिवाय तुला स्वतःचं घर सापडत नाही का रे?" हे दर सुट्टीत एकदा तरी व्हायचंच. कंपनीने दोन वर्षांपूर्वी प्रत्येक ट्रकात एकेक बसवला आणि सांगितलं, आता रस्ता विचारायला कुठे थांबायचं नाही. माझं डोकं सटकलं होतं. चौतीस वर्षं मी ट्रक चालवतोय आणि आता ही डब्यातली बाई मला डावं-उजवं शिकवणार! पण सवय वाईट. सहा महिन्यांत मीही तिला विचारल्याशिवाय गेटबाहेर पडेनासा झालो.

या पाटीला आधी सांगावं लागतं की गाडी कुठली. ट्रक म्हटलं की उंची, वजन, लांबी भरायची. मग ती तुम्हाला ठेंगण्या पुलाखाली नेत नाही आणि वेळही ट्रकच्या चालीने सांगते. कार म्हटलं की तिच्या लेखी तुम्ही कार. कोपऱ्यात नखाएवढं चित्र असतं. सकाळी किल्ली फिरवायच्या आधी ते चित्र बघायचं, हे आम्हा लोकांत दात घासण्याइतकं पक्कं. आदल्या दिवशी ट्रक मिस्त्रीकडे होता आणि मी त्याची कार घेऊन फिल्टर आणायला गेलो होतो. दुकान सापडेना म्हणून ट्रकातली पाटी काढून बरोबर नेली आणि तिला 'कार' सांगितलं. परत 'ट्रक' करायचं राहिलं. बस, मी केलं ते एवढंच.

सकाळी साडेदहाला ताईचा फोन आला. मी हायवेवर होतो, मागे फरश्यांच्या पेट्या भरलेल्या.

"अण्णा गेले," ती म्हणाली. "चहा मागितला. मी घेऊन आले तर गेलेले."

"बरं," मी म्हटलं. खरंच, बरं म्हटलं. बाप गेल्यावर बरं म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही, पण मी तो झालो. डोळ्यात पाणी नाही, छातीत काही नाही. पुढे एक टँकर चालला होता आणि त्याच्या मागच्या दिव्याची काच फुटलेली आहे एवढंच मला दिसत होतं.

अण्णांनी देहदानाचा फॉर्म भरला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते मेडिकल कॉलेजात शिपाई होते, शरीरशास्त्राच्या विभागाच्या दारावर. आयुष्यभर स्टुलावर बसले. "नोकरीत कधी कुणी आत बोलावलं नाही, आता सन्मानाने उचलून नेतील," असं म्हणून स्वतःच हसायचे. एकदा देह आत घेतला की परत कुणाला दाखवायचा नाही, असा तिथला नियम. नातेवाईक उशिरा यायचे, हातापाया पडायचे, आणि त्यांना दारातून परत पाठवायचं काम अण्णांचंच. घरी आल्यावर त्या दिवशी ते जेवायचे नाहीत. पण नियम मात्र त्यांनी एकदाही मोडला नाही.

"कॉलेजची व्हॅन येणार आहे," ताई सांगत होती. "दोनला, चारला किंवा साडेपाचला, कधी हवी ते विचारतायत. तू किती वाजता पोचशील? तू बघितल्याशिवाय मी त्यांना नेऊ देणार नाही."

मी पाटीला घरचा पत्ता सांगितला आणि पोचायची वेळ पाहिली. तीन वाजून दहा. पाटी सांगते त्यात वीस मिनिटं धरायची, हा माझा हिशोब. त्या हिशोबावर मी चौतीस वर्षांत नाव कमावलंय. गोदामातले लोक मला घड्याळकाका म्हणतात. कुणी म्हणत नसेल तर मीच आठवण करून देतो.

"साडेतीन धर," मी म्हटलं.

"नक्की? नाहीतर साडेपाच सांगते."

"ताई, साडेतीन म्हणजे साडेतीन."

"मग चार सांगते. उगाच त्यांना संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवायला नको."

त्यांना म्हणजे अण्णांना. ती अजून त्यांच्याबद्दल असंच बोलत होती.

मी कंपनीत कळवलं. कंट्रोलवर ज्या मॅडम बसतात त्या एरवी शौचाला थांबलं तरी कारण विचारतात. त्या म्हणाल्या, "काका, आधी घरी जा, माल उद्या उतरवू." मग म्हणाल्या, "चालवू शकाल ना?" मी हो म्हटलं. भरलेला ट्रक रस्त्यात सोडून ड्रायव्हर जात नाही आणि चालवायला मला काही होतही नव्हतं. उलट त्या दिवशी मी फारच छान चालवलं. ना कुणाला शिवी, ना उगाच हॉर्न. दुपारी डबा उघडला, सगळा खाल्ला. भूक लागली होती. बाप मेलाय आणि मला भूक लागलीय, याची लाज वाटेल म्हणून वाट पाहिली. तीही वाटली नाही.

अडीच वाजता पाटीने हायवे सोडायला सांगितला. मी सोडला. एरवी मी वळसा घालून शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्याने येतो, हे माझ्या हातांनाही पाठ आहे. पण त्या दिवशी विचार करायचं काम मी पाटीलाच दिलं होतं. ती डावीकडे म्हणाली की डावीकडे. दोन्ही बाजूंना बंद पडलेले कारखाने, मधून अरुंद रस्ता. आणि शेवटी रेल्वेचा पूल. पुलावर पिवळी पाटी, खरीखुरी पाटी, तिच्यावर लिहिलेलं: उंची ३.२ मीटर.

माझी बॉडी तीन पॉइंट आठ.

मी ब्रेक मारला. पाटीतली बाई म्हणाली, सरळ जा. तेव्हा मी कोपऱ्यातलं चित्र पाहिलं. छोटीशी कार. डिकी, चार चाकं, सगळं व्यवस्थित काढलेलं.

चित्र बदलून ट्रक केलं. बाई गप्प झाली, वर्तुळ फिरत राहिलं आणि वेळ आली चार वाजून पस्तीस. ही खरी वेळ. ही सकाळीही खरीच होती. सकाळी चित्र पाहिलं असतं तर मी पाच धर म्हटलं असतं आणि ताईने साडेपाचची व्हॅन सांगितली असती. एवढं सोपं होतं ते.

रस्त्यात ट्रक वळेल एवढी जागा नव्हती. बाजूला एका कारखान्याचं अंगण होतं, फाटकाशी वॉचमन.

"आत वळवून घेतो, उघड," मी म्हटलं.

"परवानगी लागते."

"कुणाची?"

"मालकाची."

"मालक कुठेय?"

"कारखाना बंद पडून सात वर्षं झाली."

"मग तू काय राखतोयस बाबा?"

"फाटक," तो म्हणाला.

एरवी मी त्याचं तंगडं त्याच्याच गळ्यात घातलं असतं. त्या दिवशी मी त्याच्यासमोर गेलो. मग म्हटलं, "माझे वडील वारलेत. चारला त्यांना नेणार आहेत." पहिल्यांदाच ते मोठ्याने बोललो, तेही अशा माणसाशी. त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. माझा चेहरा वडील वारलेल्या माणसासारखा नसावा, कारण त्याला पटायला वेळ लागला. शेवटी त्याने साखळी सोडली.

पावणेचारला मोठ्या रस्त्याला लागलो तेव्हा ताईला फोन केला.

"चार पस्तीस?" ती म्हणाली. "अरे, व्हॅन दारात उभी आहे! तू साडेतीन म्हणालास!"

"चुकलं माझं. साडेपाचची कर."

"विचारलं मघाशीच. ती दुसऱ्यांना दिली. आणि याच व्हॅनला साडेपाचला तिकडे जायचंय." मागे दाजींचा आवाज येत होता, ते कुणाला तरी चहा घ्या, चहा घ्या म्हणत होते. "मी भांडते," ताई म्हणाली. "तू ये. वेड्यासारखं नको चालवू, पण ये."

ती भांडली. नंतर दाजींनी सांगितलं, की ती व्हॅनच्या दारासमोर खुर्ची टाकून बसली होती. पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं असं करत तिने त्या लोकांना पंचवीस मिनिटं थांबवलं. सह्या मुद्दाम चुकीच्या रकान्यात केल्या, म्हणजे परत कराव्या लागतील. आमची ताई आयुष्यात कधी कुणाशी मोठ्याने बोललेली नाही.

मी पाटीला दहा मिनिटांनी हरवलं. कसं ते सांगत नाही, लायसन्स जाईल. चार पंचविसाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतो. गल्ली एका गाडीपुरती. ट्रक आत जातो, पण मग समोरून सायकलही येऊ शकत नाही. मी तोंड आत घातलं आणि पाहतो तर समोरून एक पांढरी व्हॅन येत होती. साधी, पावाच्या कंपन्यांची असते तशी. नाव नाही, लाल चिन्ह नाही, काही नाही. माझ्या डोळ्यांपुढे सकाळपासून ठळक अक्षरांची, लाल दिव्याची गाडी होती.

दिवसभरात पहिल्यांदा माझं टाळकं फिरलं. "आत्ताच तडमडायचं होतं का रे तुला?" असं मी काचेआडून ओरडलो. पण रस्त्याचा कायदा साफ आहे: आतला आधी बाहेर येतो, बाहेरच्याने मागे व्हायचं. माझ्या मागे सिटी बस टेकली होती. तिला हात करून मागे सरकवली, आणि दोन्ही आरशांत बघत इंच इंच मागे घेऊ लागलो. खिशात फोन वाजायला लागला. रिव्हर्समध्ये मी फोन उचलत नाही. गुरूने घालून दिलेली शिस्त, चौतीस वर्षं पाळलेली.

जागा झाली. व्हॅन बाहेर आली. माझ्या दारापासून वीतभर अंतरावरून जाताना तिच्या ड्रायव्हरने हात वर केला. जागा दिलीत, आभारी आहे, असा. मीही हात वर केला. आणि मग त्याच्या पलीकडे बसलेली ताई मला दिसली. मान खाली, मांडीवर कागद, फोन कानाला लावलेला.

माझ्या खिशात तो वाजत होता.

हात खिशात जाईपर्यंत वाजायचा थांबला आणि व्हॅन कोपऱ्यावर वळली. मी फोन लावू शकलो असतो. लावला असता तर ती शंभर पावलांवर थांबली असती आणि मी धावत गेलो असतो. आता कळतंय, पण बैल गेला आणि झोपा केला. तेव्हा मी हातात फोन धरून नुसता बसलो होतो, दुसरा हात अजून अर्धा वर होता.

मागून बसवाला ओरडला, "अहो काका, झाली ना गल्ली मोकळी! घाला की आत!"

मी पहिला गिअर टाकला आणि ट्रक आत घातला.