आत्याचा मान

अनुसया माहेरावर रुसली त्याला चार वर्षं झाली होती. धाकट्या भावाला, सुखरामला, मुलगी झाली. पण बारशाचं आवतण द्यायला तो स्वतः तिच्या सासरी बैहरला आला नाही, नुसतं कार्ड टाकलं. आत्याचा मान असा पोस्टानं? गेलीच नाही ती. चूक कोणाची ते देव जाणे, राग मात्र दोघांचाही नाकाच्या शेंड्यावर.

आता बालाघाटात चुलत बहिणीच्या लेकीचं लग्न निघालं आणि बाई आली. मनाशी एकच ठरवून आली होती. सुखराम बोलला तर माहेर आहे, नाही बोलला तर संपलं.

मांडवात पाऊल टाकलं तर सगळा गोतावळा अंगावर आला. ‘ओळखलं काय मले?’ म्हणत लालबर्र्याची सत्यभामामावशी गळ्यात पडली. मावशीचे पुढचे दात गेले होते, अनुसयानं खरोखरच ओळखलं नव्हतं, पण कबूल कोण करतो? परसवाड्याचे घनश्यामकाका तर ही पूर्वी किती बारीक होती ते करंगळी वर करून साऱ्या मांडवाला दाखवत सुटले. हसून हसून अनुसयाचं पोट दुखलं. डोळा मात्र भावाकडे. तो भाताच्या चुलीपाशी उभा होता. त्यानं पाहिलं, मान फिरवली आणि चुलीत लाकूड सारलं.

तेवढ्यात कमलावहिनीनं एक पोर आणून तिच्या मांडीवर बसवली. डोळे थेट सुखरामचे. अनुसयानं तिला नाव विचारलं.

“नाव नाही ना ठेवलं. मले छोटीच म्हन्तेत. बाबा म्हन्ते, आत्या आली का मंग ठेवू.”

अनुसया बघतच राहिली. वहिनीनं सांगितलं, पाळणा सजला होता, बाया जमल्या होत्या, पण ह्यांनी दुसऱ्या कोणाला तोंड उघडू दिलं नाही. आता शाळेत घालायची वेळ आली तरी हट्ट तोच.

रडावं की भावाला बदडावं, तिला कळेना. पोरीला कडेवर घेऊन ती तरातरा चुलीपाशी गेली.

“लेकराले चार वर्सं बिननावाचं ठेवलं? काहून रे?”

सुखरामनं हातातला झारा खाली ठेवला. “तुहा मान दुसरीले कसा देऊ, बाई?” एवढंच म्हणाला.

अनुसयानं मग वेळ लावला नाही. तिथंच पोरीच्या कानाशी वाकून कुर्र केलं आणि नाव सांगितलं. पोरीनं ते लगेच साऱ्या मांडवाला ऐकवलं, पुष्पलता. मग काय, नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बुक्के घालायची रीतच. साऱ्या बाया धावल्या. कमलावहिनीनं तर चारही वर्षांचे एकदमच घातले.

सुखराम हसत हसत डोळे पुसू लागला. इतक्या लवकर नाव सुचलं कसं, म्हणाला.

“सुचलं कुठी आता,” पाठ चोळत अनुसया म्हणाली, “तुह्यं कार्ड आलं ना, त्याच दिवशी ठरवून ठेवलं होतं.”