किडे गाऊन राहिले

"किडे चूप झाले वं सूनबाई. जागीच उभी राय."

बापूजींचा तो आवाज प्रेमिलाच्या कानात अजून जसाच्या तसा होता. लग्नाचं पहिलं वर्ष, कुहीची बांधी, गुडघ्याला लागणारं धान, आणि सांज उतरत आलेली. नव्या सुनेनं उचललेलं पाऊल तसंच आवरलं, तर समोरच्या धुऱ्याच्या बांधावरून एक लांबलचक साप सळसळत निघून गेला. सासऱ्यांचे कान असे होते. रातकिड्यांच्या गाण्यावरून त्यांना अख्खं शिवार कळायचं.

एरवी ते गावी कुहीला एकटेच राहत, पण थंडीपुरते तिच्याकडे आले होते. म्हणून तर तिचा मुलगा ऋषिकेश बिनघोर गेला. बुटीबोरीच्या कापड कारखान्यानं त्याला ट्रेनिंगसाठी सुरतेला धाडलं होतं. प्रतापनगरच्या फ्लॅटमधल्या बंद गॅलरीत त्याचा मोठा टब मागे राहिला: अंड्यांचे ट्रे उभे रचलेले, खाली गव्हाचा कोंडा, गाजराच्या चकत्या, वर उबेसाठी पिवळा बल्ब, आणि आत रातकिड्यांचं अख्खं गाव. हे सगळं ठाणेदारासाठी. ठाणेदार म्हणजे ऋषिकेशचा हातभर लांब, दाढीवाला सरडा. परकं माणूस दिसलं की गळा काळा करून मान हलवायचा, म्हणून हे नाव.

"आई, थंडीनं त्याचं खाणं तुटलं होतं. आता कुठं खाऊन राहिला," निघताना ऋषिकेश म्हणाला होता. "डॉक्टर म्हणाले, पुन्हा तुटलं तर भरवसा नाही. अन् जित्या किड्याशिवाय तो तोंड लावत नाही. आजोबा, तुम्ही फक्त ऐका. गाणं सुरू म्हणजे सगळं ठीक."

"तू आता मले शिकवतं का, किडे कसे आयकाचे?" बापूजी म्हणाले. "तुह्या बापाले ज्यानं शिकवलं, तोच बसला हाये इथं."

प्रेमिला पतपेढीतून घरी यायची तेव्हा टीव्ही जिना चढतानाच ऐकू यायचा. आवाज कमी करून ती विचारायची, "गायले का हो आज?"

"दुपारभर गाऊन राहिले. कान किटवले पोट्ट्यांनी."

मग ती थंडी आत येऊ नये म्हणून गॅलरीचं दार ओढून घ्यायची आणि कणीक मळायला बसायची. मळताना धान रोवतानाचं गाणं ओठांवर यायचं:

इवलासा जीव बाई, गळा त्याचा वं केवढा,
अंधाऱ्या बांधीमंदी त्याचा उजेड एवढा.

ऋषिकेशला जाऊन आठवडा झाला, त्या रविवारी लाइट गेली. टीव्ही बंद पडला, फ्रीजची घरघर थांबली, आणि त्या रिकाम्या घरात प्रेमिलाला काहीच ऐकू आलं नाही. खालच्या गल्लीत एक भाजीवाला ओरडत गेला. तो गेल्यावर पुन्हा काहीच नाही. तिच्या पायांनी आधी ओळखलं. ते जागीच थबकले.

तिनं गॅलरीत जाऊन ट्रे उचलला. किडे पाय जवळ घेऊन पडले होते. काही अर्धवट कातीत अडकलेले, अंगरखा काढता काढता जीव गेल्यासारखे. काचेच्या पेटीत ठाणेदार डोळे मिटून बसला होता. काल तिनं टबातून वरच्यावर उचलून दिलेला किडा त्यानं तोंडात घेऊन थुंकला होता, ते तिला आत्ता आठवलं.

तेवढ्यात ऋषिकेशचा फोन आला. "आई, जेवला का ठाणेदार?"

"हो, जेवला," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

फ्रीजवर लहान डबा होता. त्यात गव्हाच्या दाण्याएवढी पिल्लं. त्यांना पंख फुटायचे होते, गळा फुटायचा होता. जे काही जितं उरलं होतं, ते एवढंच. तिनं डबा उतरवला. पिल्लं तुरुतुरु पळत होती. आज पळत होती, उद्याचं काय?

"बापूजी," ती दिवाणखान्यात आली. "सारे मेले. काल गाऊन राहिले होते ना? नीट आठवून सांगा."

बापूजींनी धोतराचा काठ चिमटीत धरला. "काल? काल तर... हो."

"म्हणजे कालपासूनच. नवीन कोंडा कालच फोडला मी. त्यातच काही असंन." ती आता स्वतःशीच बोलत होती. "ट्रे न उचलता, वरूनच, दोन्हीकडे तोच कोंडा टाकला. ह्या पिल्लायले खाऊन ठाणेदार मेला तर पोराले काय तोंड दाखवू? अन् नाही दिले, तरी उपाशी मरंन."

ती पिल्लं चुकूनही ठाणेदारापुढे जायला नकोत म्हणून ती मोरीत गेली. बादलीत साबणाचं पाणी केलं. डब्याचं झाकण काढलं, तेव्हा पिल्लं कडेनं वर चढायला लागली, जणू तिलाच काही विचारायला. तिनं डबा तिरपा केला.

"थांब." बापूजी भिंतीला धरून मोरीच्या दारात आले होते. "जागीच थांब वं प्रेमिला. कोंड्यात काही नाही."

"तुमाले कसं माहीत?"

"मोठ्या टबात पोरकिडे दिसले मले. धान्याचे. म्हटलं, कोंडा खराब करतीन. म्हणून कडुनिंबाचा वाळला पाला चुरून मिसळला. तुही सासू कोठीत टाके, तसाच. ह्या डब्यापर्यंत माहा हात नाही पोचला."

"पण किडेच पाळले आपण, बापूजी."

"ते ध्यानातच नाही आलं वं. हातानं आपलंच काम केलं."

"कधी टाकला?"

"ऋषी गेला, त्याच्या दुसऱ्याच रोजी."

प्रेमिलानं डबा सरळ केला, झाकण लावून छातीशी धरला. मग तिला दिवसांचा हिशोब जुळेना. "असं कसं? परवा, काल, रोज तुम्हीच सांगत होते, गाऊन राहिले म्हणून. पाल्यानं तर ते दोन-तीन रोजातच चूप झाले असतीन."

बापूजी चौकटीला टेकले. ज्या कानांनी तिला सापापासून राखलं होतं, त्यांतल्या एकावर त्यांनी तळहात ठेवला, थंडी वाजावी तसा.

"मले आयकू येत नाही, सूनबाई," ते म्हणाले. "तू येते, टीव्ही येते, किड्यायचं ते बारीक गाणं नाही येत. हे समजलं तर तुमी मले कुहीले एकटं राहू देणार नाही, म्हणून बोललो नाही. ऋषी गेला त्याच्याही आधीपासून, त्या टबाजवळ बसून मी नुसता अंदाजानं मान हलवून राहिलो."